एक्स-रेच्या स्क्रीनसमोर बसलेला माणूस

तुमची हँडबॅग एक्स-रे यंत्रातून जाते तेव्हा ती स्क्रीनवर जेमतेम काही सेकंद दिसते. तेवढ्या वेळात समोर बसलेल्या कर्मचाऱ्याला ठरवायचं असतं, की बॅग पुढे जाऊ द्यायची की बाजूला काढून उघडायला सांगायची. बाजूला काढली तर रांग अडते, प्रवासी वैतागतो. काढायला हवी होती आणि काढली नाही, तर काय होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको. विमानतळाच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपण यंत्रं, नियम आणि लांबलचक रांगा यांवर बोलतो. पण या अवाढव्य व्यवस्थेचा सगळा भार शेवटी या काही सेकंदांवर येऊन पडतो, आणि तो पेलणारं यंत्र नसतं, माणूस असतो. त्या माणसाचं काम समजलं की नियमांचा अर्थही बराचसा आपोआप लागतो.

स्क्रीनवर त्याला काय दिसतं? कपडे, पुस्तकं, चार्जर यांचे फोटो नव्हेत, तर एकमेकांवर पडलेल्या रंगीत सावल्या. यंत्र एकाच वस्तूवर दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे किरण टाकतं. कोणता पदार्थ कोणते किरण किती अडवतो, यावरून तो हलक्या मूलद्रव्यांचा आहे की जड, याचा अंदाज बांधतं आणि त्याला रंग देतं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या मूलद्रव्यांपासून बनलेल्या वस्तू नारिंगी दिसतात: कागद, कापड, साबण, बहुतेक प्लास्टिक. पोलाद, तांबं असे जड धातू निळे. ॲल्युमिनियमसारखे मधले पदार्थ किंवा एकावर एक आलेल्या वेगवेगळ्या वस्तू हिरव्या. जिथून किरण आरपार जाऊच शकत नाहीत, तो भाग काळा.

अडचण अशी, की बहुतेक स्फोटकंही हलक्या मूलद्रव्यांचीच असतात, म्हणजे तीही नारिंगीच दिसतात. जाड पुस्तक, साबणाच्या वड्यांची चळत आणि एखादा खरोखर घातक गठ्ठा यांत रंगाचा फरक फारसा नसतो. मग स्क्रीनर, म्हणजे स्क्रीनसमोर बसलेला हा कर्मचारी, नुसता रंग पाहत नाही. तो आकार पाहतो, कडा पाहतो, कोणती वस्तू कशाला लागून आहे हे पाहतो. नारिंगी गठ्ठ्याशेजारी बॅटरी आणि तारा आहेत का? त्या तारा चार्जरच्या असाव्यात तशाच आहेत का? रेडिओच्या आत जेवढे भाग असायला हवेत तेवढेच आहेत का? लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांगतात तो याच कारणासाठी. त्याची बॅटरी आणि आतल्या पट्ट्या इतक्या दाट असतात, की खाली काय आहे ते झाकलं जातं. लॅपटॉपवर संशय असतो असं नाही. त्याच्या आड काही राहू नये, एवढंच. बॅग कोंबून भरलेली असली की ती उघडावी लागण्याची शक्यता वाढते, तेही याचमुळे.

आता या कामातला सगळ्यात कठीण भाग. माणसाचा मेंदू दुर्मीळ गोष्ट शोधण्यात कच्चा आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वस्तूंची गर्दी असलेल्या चित्रांत लपलेली एक वस्तू शोधायची, एवढंच काम. निम्म्या चित्रांत वस्तू असायची तेव्हा लोकांच्या नजरेतून ती सुमारे 7 टक्के वेळा सुटली. पण तीच वस्तू शंभरातल्या एखाद्याच चित्रात ठेवली, तेव्हा सुटण्याचं प्रमाण 30 टक्क्यांवर गेलं. माणसं तीच होती. सारखं ‘नाही, नाही, नाही’ असंच उत्तर येत राहिलं की मेंदू शोध लवकर आटोपता घेतो. तो आळस नव्हे, मेंदूचा स्वभाव आहे. आणि विमानतळावर तर खरा बॉम्ब शंभरात एक सोडाच, बहुतेक स्क्रीनरना अख्ख्या नोकरीत एकदाही दिसत नाही. जे कधीच येत नाही त्याची रोज, प्रत्येक बॅगेत, पहिल्याच दिवसाच्या उत्सुकतेने वाट पाहायची. मला तरी यापेक्षा अवघड बैठं काम आठवत नाही.

म्हणून या माणसाची नजर टिकवणं हीच मोठी व्यवस्था करावी लागते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार स्क्रीनरने सलग साधारण 20 मिनिटांपेक्षा जास्त वेळ प्रतिमा पाहू नयेत आणि मग निदान 10 मिनिटं स्क्रीनपासून दूर राहावं. तपासणीच्या एका पट्ट्यावर तुम्हाला चारपाच जण दिसतात: एक ट्रेमध्ये सामान ठेवायला सांगतो, एक मेटल डिटेक्टरच्या चौकटीजवळ उभा असतो, एक स्क्रीनवर, एक बॅग उघडून पाहणारा, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा सुपरवायझर. ही मंडळी थोड्या थोड्या वेळाने जागा बदलतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती ड्यूटीची गडबड वाटते. तिच्यामागे हे वीस मिनिटांचं गणित असतं.

दुसरा उपाय मला फार हुशारीचा वाटतो. यंत्र अधूनमधून खऱ्या बॅगेच्या प्रतिमेत पिस्तुलाची, सुऱ्याची किंवा स्फोटकाची खोटी प्रतिमा मिसळतं. स्क्रीनरला ते आधी माहीत नसतं. त्याने ती ओळखून बटण दाबलं की स्क्रीनवर सूचना येते: ही चाचणी होती, तुम्ही बरोबर ओळखलंत. निसटली तर तीही नोंद होते आणि त्यावरून पुढचं प्रशिक्षण ठरतं. याचा फायदा दुहेरी आहे. कोणाची नजर कुठे कमी पडते ते कळतं, आणि शोधायची वस्तू मधूनमधून ‘येत’ राहिल्यामुळे मेंदूला शोधत राहायची सवय टिकते.

हे सगळं मुळात सुरू झालं ते विमान अपहरणांमुळे. 1968 ते 1972 या काळात एकट्या अमेरिकेत शंभराहून जास्त विमानांच्या अपहरणाचे प्रकार झाले. त्या काळी बहुतेक प्रवासी कुठलीही झडती न होता थेट विमानात चढत. जानेवारी 1973 पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. 1974 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, आपल्या मूळ कराराला जोडलेलं सुरक्षेचं परिशिष्ट 17 स्वीकारलं. आज जगातला जवळजवळ प्रत्येक देश किमान पातळी म्हणून त्यातले निकष मानतो आणि त्यावर आपापले नियम चढवतो. एका विमानतळावर बूट काढायला लावतात आणि दुसऱ्यावर नाही, तो फरक इथून येतो. पाया सगळीकडे एकच, वरचे मजले ज्याचे त्याचे.

अपहरणांच्या धड्यात एक गृहीत धरलेलं होतं: ज्याच्यापासून विमानाला धोका आहे तो माणूस स्वतः विमानात असणार. ते गृहीत 23 जून 1985 ला मोडलं. त्याच्या आदल्या दिवशी कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळावर एका प्रवाशाने आपली बॅग पुढच्या एअर इंडियाच्या विमानापर्यंत थेट पाठवण्याचा आग्रह धरला. त्या पुढच्या विमानातली त्याची जागा पक्की नव्हती, त्यामुळे नियमाने तसं करता येत नव्हतं. तो हटून बसला, मागे रांग वाढत होती, आणि शेवटी बॅग घेतली गेली. तो स्वतः विमानात चढलाच नाही. बॅग वाटेत टोरांटोला गेली, तिथे त्या दिवशी सामान तपासणारं एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडलं, म्हणून उरलेल्या बॅगा हातातल्या स्फोटक-शोधकाने तपासल्या. दुसऱ्या दिवशी एअर इंडियाचं ते विमान, ‘कनिष्क’, आयर्लंडजवळ अटलांटिकवर फुटलं आणि विमानातले सर्व 329 जण गेले. त्याच दिवशी जपानमधल्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानासाठी आलेली बॅग जमिनीवरच फुटली. तिथे सामान हाताळणारे दोन कर्मचारी मारले गेले.

तीन वर्षांनी, 21 डिसेंबर 1988 ला, स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं विमान कोसळलं. विमानातले 259 आणि गावातले 11, असे 270 जण मृत्युमुखी पडले. स्फोटक एका रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये लपवलेलं होतं आणि तो ज्या सुटकेसमध्ये होता तिचा मालक त्या विमानात नव्हता.

आज तुम्ही चेक-इन केलं, बॅग दिली आणि वेळेत गेटवर पोचला नाहीत, तर विमान कंपनी तुमच्या नावाचा पुकारा करत राहते आणि शेवटी तुमची बॅग शोधून विमानातून उतरवते. त्यापायी विमानाला उशीर होतो, आत बसलेले लोक चिडतात. सामान आणि त्याचा मालक यांची गाठ घालण्याचा हा नियम या दोन विमानांनी शिकवला. व्हँकुव्हरच्या त्या काउंटरवरची गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. तिथे यंत्र फसलं नव्हतं आणि नियमही होता. रांगेच्या दडपणाखाली एका माणसाने ‘नाही’ म्हणणं सोडून दिलं, एवढंच. त्या माणसाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. सुरक्षा कर्मचाऱ्याच्या कर्तव्यांत ‘रांग कितीही मोठी असो, नियमाबाहेरच्या विनंतीला नाही म्हणायचं’ हे एक कर्तव्य का असतं, ते यातून समजतं. आणि त्याला तसं म्हणता यावं म्हणून त्याच्या पाठीशी वरिष्ठ उभे असणं किती गरजेचं आहे, तेही.

पुढचे नियम असेच एकेका घटनेने आणले. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर छोटी पातीसुद्धा हातातल्या सामानातून बाद झाली आणि कॉकपिटचं दार मजबूत, आतून बंद होणारं झालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एकाने बुटात लपवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. तेव्हापासून बुटांकडे लक्ष गेलं. 2009 च्या नाताळच्या दिवशी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात दुसऱ्याने अंतर्वस्त्रात लपवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. त्यात धातू नव्हता, मेटल डिटेक्टरला ते कळणं शक्यच नव्हतं. त्यानंतर शरीर-स्कॅनर झपाट्याने पसरले.

द्रवपदार्थांचा नियम मात्र जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळ्यात जास्त वाद त्यावरून होतात. ऑगस्ट 2006 मध्ये ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिक ओलांडणारी अनेक विमानं उडवायची, असा तो कट होता. जुन्या एक्स-रे यंत्राला पाणी आणि धोकादायक द्रव यांतला फरक खात्रीने सांगता येत नव्हता. मग उपाय निघाला तो प्रमाण मर्यादित करण्याचा: प्रत्येक बाटली जास्तीत जास्त 100 मिलिलिटरची, आणि सगळ्या बाटल्या एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत. इथे अनेकांचा गोंधळ होतो. मर्यादा बाटलीच्या क्षमतेवर आहे, आत उरलेल्या द्रवावर नाही. 200 मिलिलिटरच्या शाम्पूच्या बाटलीत तळाला घोटभर उरलं असलं तरी ती जात नाही. कर्मचारी अडून बसला आहे असं वाटतं, पण उरलेलं द्रव डोळ्याने मोजायची मुभा त्याला दिली, तर प्रत्येक बाटलीवर वाटाघाटी सुरू होतील आणि नियम राहणारच नाही. तान्ह्या बाळाचं दूध आणि लागणारी औषधं यांना सवलत असते, फक्त ती वेगळी दाखवावी लागतात.

नवी सीटी यंत्रं, म्हणजे रुग्णालयातल्या सीटी स्कॅनच्याच तत्त्वावर चालणारी, बॅगेची सगळ्या बाजूंनी फिरवता येणारी त्रिमितीय प्रतिमा देतात आणि आतल्या द्रवाची घनताही जास्त चांगली ओळखतात. त्यामुळे काही विमानतळांवर लॅपटॉप आणि द्रवपदार्थ बॅगेतच राहू देतात. पण परतीच्या विमानतळावर जुनं यंत्र असेल तर तिथे 100 मिलिलिटरचाच नियम लागतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

काउंटरवर दिलेली मोठी बॅग वेगळ्या वाटेने जाते. पट्ट्यावरून आत गेल्यावर आधी स्वयंचलित यंत्र तिची प्रतिमा तपासतं. बहुतेक बॅगा तिथेच पार होतात. यंत्राला खटकलेल्या बॅगांची प्रतिमा माणूस पाहतो, त्यालाही शंका राहिली तर बॅग वेगळी काढून जास्त बारकाईने तपासली जाते, आणि तरीही उलगडा झाला नाही तर प्रवाशाला बोलावतात. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या या बॅगेत चालत नाहीत, त्याचं कारण दहशतवाद नाही, आग आहे. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कर्मचारी ती लगेच पाहू शकतात, विझवू शकतात. सामानाच्या कप्प्यात तिच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही. साधारणपणे 100 वॅट-तासांपर्यंतची (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप) बॅटरी हातातल्या सामानात चालते, 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे प्रवाशाला नेता येत नाही.

प्रवाशाला दिसणारी तपासणी हा सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या कामाचा एक भाग झाला. न दिसणारा भाग त्याहून मोठा आहे. विमानतळाचं कुंपण, त्याची फाटकं, तिथून येणाऱ्या गाड्या. धावपट्टीकडे जाणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र आणि त्यावर कुठल्या भागापर्यंत जायची परवानगी आहे ते. विमानात चढवलं जाणारं जेवण, दुकानांचा माल, मालवाहू खोकी. रात्रभर उभ्या असलेल्या विमानाची उड्डाणाआधीची झडती, ज्यात सीटखालची जागा, डोक्यावरचे कप्पे, स्वच्छतागृहं एकेक करून पाहायची. विमानतळावर काम करणाऱ्या लोकांचीही तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. 31 ऑक्टोबर 2015 ला इजिप्तमधल्या शर्म-अल-शेखहून निघालेलं रशियाचं प्रवासी विमान सिनाईत कोसळलं, 224 जण मेले. विमानात बॉम्ब फुटला, असं रशियाच्या सुरक्षायंत्रणेने जाहीर केलं. फेब्रुवारी 2016 मध्ये सोमालियातल्या मोगादिशूहून उडालेल्या विमानात लॅपटॉपमधला बॉम्ब फुटला आणि विमानाला भोक पडलं. तो लॅपटॉप विमानतळावरच्याच माणसांनी हल्लेखोराच्या हाती दिल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. आतला माणूस फितूर झाला तर प्रवाशांची हजार वेळा झडती घेऊनही उपयोग नाही. म्हणून रोज भेटणाऱ्या सहकाऱ्याचंही ओळखपत्र पाहायचं, रोज त्याची पिशवी उघडायची. ओळखीच्या माणसाला अडवणं अनोळखी माणसाला अडवण्यापेक्षा जड जातं, आणि या नोकरीत ते दररोज करावं लागतं.

2016 मध्येच ब्रुसेल्स आणि इस्तंबूल विमानतळांवर हल्ले झाले, तेही तपासणीच्या अलीकडे, जिथे कोणीही येऊ शकतं अशा भागात. त्यामुळे बाहेरच्या गर्दीकडे, बेवारस बॅगांकडे लक्ष देणं हे आता या कामात पूर्वीपेक्षा जास्त वजनाचं झालं आहे. तुमची बॅग दोन मिनिटांसाठी सोडून गेलात आणि परत आल्यावर तिच्याभोवती जागा मोकळी केलेली दिसली, तर वाईट वाटून घेऊ नका. ती तुमची आहे हे त्यांना कळायला काही मार्ग नसतो.

या कामाची आपण किंमत काय करतो? 2001 पूर्वी अमेरिकेत स्क्रीनर खासगी कंत्राटदारांकडे असत. पगार इतके कमी, की मोठ्या विमानतळांवर वर्षभरात सोडून जाणाऱ्यांची संख्या एकूण जागांपेक्षाही जास्त भरे. हाताला आणि डोळ्याला सवय लागायच्या आत माणूस निघून जायचा. पुढे सरकारी यंत्रणा आली, पण 2015 मध्ये तिथल्या तपासनीसांनी गुप्तपणे घेतलेल्या 70 चाचण्यांपैकी 67 मध्ये बनावट शस्त्रं किंवा स्फोटकं निसटल्याच्या बातम्या आल्या. असे आकडे वाचून ‘मग हा सगळा देखावाच’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. चाचणी घेणाऱ्यांना व्यवस्थेच्या फटी आतून माहीत असतात. हल्ल्याचा विचार करणाऱ्याला आपण पकडले जाऊ की नाही हे माहीत नसतं, आणि ती अनिश्चितता त्याच्या वाटेतला मोठा अडथळा असते. कोणाची तपासणी जास्त बारकाईने होणार हे यदृच्छेने ठरवतात तेही त्यासाठीच. त्या आकड्यांवरून शिकायचं ते वेगळंच: नवं यंत्र विकत घेण्याइतकाच पैसा त्यापुढे बसणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणावर, विश्रांतीवर आणि पगारावर खर्च व्हायला हवा.

आता प्रत्यक्ष तुमच्या अंगाच्या तपासणीचा भाग. शरीर-स्कॅनर आता बहुतेक ठिकाणी मिलिमीटर लहरींवर चालतो. या रेडिओ लहरी आहेत, एक्स-रे नव्हेत. अंगाची खरी प्रतिमा कर्मचाऱ्याला दिसत नाही. सगळ्यांसाठी सारखीच एक रेखाकृती येते आणि जिथे काही वेगळं जाणवलं तिथे चौकोन उमटतो. तेवढीच जागा हाताने तपासतात. कधी स्फोटकाचे कण लागले आहेत का हे पाहायला हातावर किंवा बॅगेवर कापडाची पट्टी फिरवून ती यंत्रात घालतात. यंत्र तिच्यावरचे कण तापवून वाफ करतं, त्यांना विद्युतभार देतं आणि ते एका नळीतून किती वेळात पार होतात ते मोजतं. प्रत्येक पदार्थाचा वेळ ठरलेला असतो. हातावरच्या मलमातलं ग्लिसरीन किंवा हृदयविकारावरचं नायट्रोग्लिसरीन यांमुळेही यंत्र कधी वाजतं. तेव्हा घाबरायचं कारण नाही. काय औषध घेता, हाताला काय लावलं आहे ते सांगा आणि पुढची तपासणी होऊ द्या. विनोदाने ‘बॉम्ब’ हा शब्द मात्र उच्चारू नका. तो विनोद आहे की नाही हे ठरवायची मुभा कर्मचाऱ्याला नसते, आणि अनेक देशांत तो गुन्हा आहे.

पेसमेकर असेल तर मेटल डिटेक्टरपाशी पोचण्याआधीच सांगा. हाताने तपासणी करून घेता येते. इन्सुलिन पंप असेल तर तो एक्स-रेमध्ये किंवा स्कॅनरमध्ये न्यायचा की नाही हे उत्पादकाच्या सूचनेत लिहिलेलं असतं. ते आधी पाहून ठेवा आणि कर्मचाऱ्याला सांगा. गुडघ्यात किंवा खुब्यात धातूचा सांधा असेल तर चौकट वाजण्याची शक्यता असते, त्याचीही कल्पना द्या. अंगझडती साधारणपणे पुरुषाची पुरुष आणि स्त्रीची स्त्री कर्मचारी घेते, आणि हात लावण्याआधी कुठे लावणार हे सांगते. कुठे दुखतं, कुठे जखम आहे, कोणती पिशवी किंवा नळी अंगाला जोडलेली आहे, हे आधी बोलून दाखवा. चारचौघांत नको असेल तर आडोशाला, सोबत्याच्या हजेरीत करा, असं सांगता येतं. बहुतेक विमानतळांवर त्याची सोय असते आणि ती मागण्यात संकोच वाटायचं काही कारण नाही. वागणूक चुकीची वाटली तर तिथेच सुपरवायझरला बोलावून घ्या, तो त्या पट्ट्यावर त्यासाठीही उभा असतो.